वरच्या मॉडेलचे ब्रेक

गेल्या डिसेंबरात माझा भाचा त्याची बायको, दोन मुले आणि माझी बहीण यांना घेऊन गुहागरला समुद्र पाहायला गेला. जतच्या माणसाला समुद्राचे अप्रूप असावे यात नवल नाही. विहिरीला पाणी लागले तर पेढे वाटणारा हा तालुका. तिथल्या पोरांना डोळे पोचतील तिथवर पाणी दाखवणे हे बापाला आपले कर्तव्यच वाटते. आणि आता रस्ताही सोपा झाला आहे. गुहागर ते विजापूर हा राष्ट्रीय महामार्ग जतवरूनच जातो. घरून निघायचे, विटा, कराड, पाटण करत कोयनेच्या खोऱ्यात शिरायचे आणि कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. समुद्र काय, पुढे हाकेवर.

गाडी छोटी. दहा वर्षांची. पुण्याहून दुसऱ्या हाताने आणलेली. कंपनी एकच गाडी तीन-चार प्रकारांत विकते, त्यांतला हा सगळ्यात खालचा प्रकार. बोलीभाषेत ज्याला 'बेस मॉडेल' म्हणतात, तो.

निम्मा घाट उतरल्यावर बहिणीने विचारले, "कुणी काय पेटवलंय का रे? जळका वास येतोय." भाच्याने ब्रेकवर पाय ठेवला तेव्हा त्याला कळले की वास बाहेरचा नाही. पेडल मऊ लागले, लोण्यात पाय जावा तसे, आणि गाडी म्हणावी तशी धरेना. पोरगा घाबरला, पण डोके शाबूत होते. त्याने गिअर खाली घेतला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी एका मोरीजवळ डोंगराच्या बाजूला लावली. पुढच्या चाकांतून धूर येत होता. अर्धा-पाऊण तास सगळे रस्त्याकडेला बसून राहिले. मग गाडी निवली, ब्रेक परत आला, आणि मंडळी जीव मुठीत धरून खाली गेली. समुद्र पाहिला. पण परत आल्यावर मुलांनी मला गोष्ट सांगितली ती समुद्राची नव्हे, घाटाची.

जतच्या मेस्त्रीने चाक न खोलताच निदान केले. "टॉप मॉडेलला पुढं हवेची डिस्क येती, मोठी. तुमच्या गाडीला साधी हाय. सांगलीला टॉप मॉडेलची एक ठोकलेली गाडी भंगारात आलीया. तिची डिस्क, कॅलिपर, सगळं हिला बसतंय. पंधरा हजारांत काम करून देतो."

भाच्याचा मला फोन आला. "मामा, वरच्या मॉडेलचे ब्रेक बसवून घेऊ का? इन्शुरन्सला काय अडचण येईल का ओ? तुम्ही बँकेत होता म्हणून विचारतो."

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला नातेवाईक काहीही विचारतात, आणि तोही काहीही सांगतो. पण या वेळी मी "बघून सांगतो" म्हटले. कारण या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न होता. एकाच कारखान्यात, एकाच साच्यातून निघालेल्या दोन गाड्यांपैकी एकीला बरे ब्रेक आणि दुसरीला कामचलाऊ, असे मुळात का असावे? गाडीचा रंग, गादीचे कापड, गाणी वाजवणारा पडदा यांत वरचे-खालचे असू द्या. ब्रेकमध्येही?

अठरा लिटर उकळते पाणी

आधी घाटात झाले काय ते समजून घेऊ. ब्रेक गाडी थांबवतो असे आपण म्हणतो. खरे तर तो गाडीच्या गतीची उष्णता करतो, आणि ती उष्णता हवेत सोडून देतो. उष्णता करणे सोपे आहे. ती वेळेवर सोडून देणे अवघड आहे.

हिशेब करून पाहा. माणसांसकट १२०० किलोची गाडी ५०० मीटर उंचीचा घाट उतरली असे धरा. एवढ्या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी उष्णतेत गेली तर साधारण अठरा लिटर गार पाण्याला उकळी येईल. दुसऱ्या भाषेत सांगायचे तर ताशी ८० किलोमीटर वेगातली गाडी एकामागून एक वीस वेळा जागच्या जागी थांबवण्याइतके ते काम आहे. यातला काही भार वाऱ्याचा विरोध उचलतो, बराचसा इंजिन उचलू शकते, जर गाडी खालच्या गिअरमध्ये असेल तर. उरलेला सगळा ब्रेकवर. आणि ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकत असल्यामुळे त्यातला मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर.

जुन्या गाड्यांना चारही चाकांत ड्रम असायचे. पातेल्याच्या आतून लायनर दाबावेत तशी ती रचना. उष्णता आत कोंडते. डिस्क म्हणजे उघडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटीत धरतात, वारा लागतो, ती लवकर निवते. ही कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमधल्या फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली तिचे पेटंट घेतले होते. १९५३ साली फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत जॅग्वार गाडी डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५५ साली सित्रोएन कंपनीने आपल्या नव्या गाडीला पुढे डिस्कच दिली. आपल्याकडे अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनी बराच काळ ड्रमवरच चालल्या. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती आली, आणि पुढच्या वर्षांत पुढच्या चाकांना डिस्क ही गोष्ट हळूहळू घरोघरची झाली.

मेस्त्री ज्याला 'हवेची डिस्क' म्हणाला ती याच्याही पुढची पायरी. दोन थाळ्यांच्या मध्ये फट, आणि त्या फटीतून चाक फिरताना वारा खेळतो. एकदाच जोरात ब्रेक मारायचा असेल तर साधी डिस्क आणि ही यांत फार फरक पडेल असे नाही, कारण शेवटी रस्ता धरून ठेवतो तो टायर. पण घाटात, जिथे ब्रेक पुन्हा पुन्हा लागतो, तिथे हवेची डिस्क कमी तापते आणि जास्त वेळ टिकते.

ब्रेक तापला की दोन गोष्टी होतात. पॅडची पकड सुटते. वास येतो तो त्याचाच. दुसरी गोष्ट अधिक धोक्याची. पेडलपासून चाकापर्यंत दाब पोचवणारे जे ब्रेक ऑईल असते, ते हवेतली ओल शोषून घेते. आता सर्रास वापरले जाणारे डॉट ४ जातीचे नवे ऑईल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. तेच ओल प्यायलेले असले तर ही मर्यादा १५५ अंशांवर येऊ शकते. ऑईल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला की नुसता दबतो, जोर पुढे पोचवत नाही. लोण्यात पाय गेल्यासारखे वाटते ते यामुळे.

बसते, पण जमते का?

पुढच्याच आठवड्यात मी जतला गेलो. मेस्त्रीला म्हटले, बसवायचे ते नंतर बघू, आधी असलेले उघड.

चाक निघाले. पॅड कुठल्या कंपनीचे, पत्ता नाही. झिजून कागदाएवढे राहिलेले. ब्रेक ऑईल काळ्या चहासारखे. ते शेवटचे कधी बदलले, हे ना भाच्याला ठाऊक, ना त्याला गाडी विकणाऱ्याला. मी भाच्याकडे पाहिले. तो थोडा घुटमळला आणि म्हणाला, "मामा, घाटात न्यूट्रल टाकली होती. पेट्रोल वाचतं म्हणतात."

ही समजूत आपल्या लोकांत इतकी खोल रुजली आहे की तिच्यावर दोन शब्द लिहायलाच हवेत. आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून अॅक्सिलरेटर सोडला तर उतारावर पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच. म्हणजे न्यूट्रल टाकून वाचत काही नाही. उलट इंजिनाने जो भार उचलायचा तोही ब्रेकच्या डोक्यावर जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या संध्याकाळी पुण्यातल्या नवले पुलाजवळ एका ट्रकने कितीतरी वाहनांना उडवले. सुरुवातीला सगळे म्हणाले, ब्रेक फेल. पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले ते असे की चालकाने उतारावर इंजिनच बंद केले होते. ट्रकचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि हवा भरणारा पंप इंजिनावर. इंजिन बंद, तर काही वेळाने ब्रेकचा दमही संपणार.

तेव्हा घाटातला प्रसंग डिस्क लहान होती म्हणून ओढवला, असे सरळ म्हणता येत नव्हते. जुने ऑईल, झिजलेले पॅड आणि न्यूट्रल. लहान डिस्कचा नंबर चौथा.

आता मेस्त्रीच्या उपायाकडे येऊ. तो वेड्यासारखे बोलत नव्हता. एकाच गाडीच्या दोन प्रकारांत कित्येकदा चाकामागचा सांगाडा सारखाच असतो आणि वरच्या प्रकारचा भाग खालच्याला खरोखर बसतो. पण बसणे वेगळे आणि जमणे वेगळे. डिस्क मोठी असली तर खालच्या मॉडेलच्या लहान रिममध्ये कॅलिपर घासू शकतो. मग रिम बदला, टायर बदला. कॅलिपरचा पिस्टन मोठा असला तर जुन्या मास्टर सिलिंडरला जास्त ऑईल ढकलावे लागते आणि पेडल खोल जाते. पुढच्या-मागच्या ब्रेकचा जोर कंपनीने तोलून ठेवलेला असतो. तो तोल बिघडला, आणि मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते. मागच्या ड्रमच्या जागी डिस्क घालण्याचा शौक करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. शिवाय हँडब्रेकची रचनाही त्या ड्रमच्या आतच असते. आणि ज्याला 'एबीएस' म्हणतात, जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा, ती तर कॅलिपर बदलून येतच नाही. तिला प्रत्येक चाकाची गती मोजणारे सेन्सर लागतात, त्यांचे संगणक लागते, वेगळा पंप लागतो.

राहिला भंगारातल्या मालाचा प्रश्न. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्याखाली झिजली की ती बाद. मी मेस्त्रीला म्हटले, सांगलीहून आणलेली डिस्क मोजू या. त्याने व्हर्निअर काढला, पुसला, दोन ठिकाणी लावला. एक डिस्क बरी होती. दुसरी किमान जाडीच्याही खाली गेलेली. तो काही बोलला नाही. दोन्ही डिस्क उचलून त्याने भंगाराच्या ढिगावर ठेवल्या आणि म्हणाला, "साहेब, नवं साधंच टाकूया." मला त्या माणसाचा आदर वाटला. आपल्या तालुक्याच्या ठिकाणची सारी वाहतूक अशा मेस्त्र्यांच्या हातावर चालली आहे. त्यांना कोणी शिकवत नाही, आणि मोजायला सांगणारे गिऱ्हाईकही भेटत नाही.

कायदा काय म्हणतो

भाच्याने विमा विचारला होता, म्हणून कायद्याकडे बघणे भाग होते. मोटार वाहन कायदा १९८८ चे आहे. त्याचे ५२ वे कलम म्हणते की नोंदणीपत्रातला तपशील कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात या कलमाचा अर्थ कडक लावला. त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला आणि नियमात न बसणारा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली.

आता ब्रेक कसला आहे हे आर. सी. बुकावर छापलेले नसते. त्याच कंपनीचा, त्याच गाडीच्या वरच्या प्रकारचा भाग बसवला तर तो गुन्हा होतो का, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलू शकतील. पण माझा अनुभव असा की कागद अर्धवट असला की वाद नेहमी दुर्बळ पक्षाच्या अंगावर येतो. अपघात झाला, सर्व्हेअर आला आणि त्याने "हा भाग या गाडीचा नाही" असे लिहिले, की कोर्टाच्या पायऱ्या झिजवणार कोण? जतचा शेतकरी की विमा कंपनी?

इथे एक विसंगती मात्र लक्षात येते. हाच कायदा गाडीला सीएनजीचे किट बसवू देतो. मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त ठिकाणी बसवायचे, आर. सी.वर नोंद करून घ्यायची, विमा कंपनीला कळवायचे, झाले. म्हणजे इंधनाचे पैसे वाचवण्यासाठी डिकीत गॅसची टाकी बसवण्याचा राजमार्ग आहे. बरे ब्रेक बसवायचे म्हटले तर तितका सरळ मार्ग सामान्य मालकाला दिसत नाही. पुण्यात १९६६ पासून 'एआरएआय' ही वाहनांची चाचणी करणारी नामांकित संस्था आहे. कंपन्यांनी आपल्याच वरच्या मॉडेलच्या ब्रेकचा पूर्ण संच, रिम-सिलिंडरसकट, खालच्या मॉडेलसाठी तपासून घेतला आणि नोंदीसह विकला, तर कोणाचे काय बिघडेल? ब्रेकची डिस्क म्हणजे शेवटी बिडाचे ओतकाम. असल्या ओतकामासाठी कोल्हापूरच्या फाउंड्र्या देशभर प्रसिद्ध आहेत. माल आपल्याजवळ आहे, हुन्नर आपल्याजवळ आहे, प्रयोगशाळाही आपल्याजवळ आहे.

कोटेशनवरची लाल रेघ

आता एक कबुली. २००९ साली मी एका शाखेत अधिकारी होतो. एक माध्यमिक शिक्षक गाडीच्या कर्जासाठी आले. त्यांनी आणलेले कोटेशन वरच्या मॉडेलचे होते. त्यात एबीएस होते, दोन एअरबॅग होत्या. पगारातून बसणारा हप्ता थोडा कमी पडत होता. मी लाल पेनने त्या कोटेशनवर रेघ मारली आणि खालच्या मॉडेलचे कोटेशन आणायला सांगितले. गुरुजी संकोचून म्हणाले, "साहेब, त्यात ब्रेकचं काहीतरी चांगलं आहे म्हणतात." मी हसून म्हणालो, "गुरुजी, ब्रेक सगळ्याच गाड्यांना असतात."

त्यांनी खालचे मॉडेल घेतले, पेढे दिले, हप्ते वेळेवर फेडले. अकरा वर्षे गाडी चालवली आणि त्यांना कधी काही झाले नाही. पण काही झाले नाही म्हणून माझी ती रेघ बरोबर ठरत नाही. कर्जाची मुदत दोन वर्षांनी वाढवून तोच हप्ता बसवता आला असता. ते मला सुचले नाही, कारण मी जे मोजत होतो त्यात ब्रेक येतच नव्हता. मार्जिन, हप्ता, विमा, हायपोथिकेशनची नोंद. गाडीचा चुराडा झाला असता तरी विम्यातून बँकेचे पैसे आले असते. बँकेकडे गाडी तारण होती. गुरुजी तारण नव्हते.

खालचे मॉडेल घेणारा माणूस सुरक्षा नको म्हणून घेत नाही. त्याच्या पगाराने, त्याच्या शेताने आणि माझ्यासारख्या अधिकाऱ्याने त्याच्यासाठी ते निवडलेले असते.

वर चढत जाणारी सुरक्षा

जानेवारी २०१४ मध्ये 'ग्लोबल एनकॅप' या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्या भिंतीसारख्या अडथळ्यावर आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना मोठ्यांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. त्यांत आपल्या चाकणला तयार होणारी फोक्सवॅगनची पोलो होती. तपासलेली पोलो एअरबॅग नसलेली, खालची. तीच पोलो दोन एअरबॅगांसह आदळली तेव्हा तिला चार तारे मिळाले. एकच कारखाना, तोच पत्रा; शून्य आणि चार. कंपनीने मग बिनएअरबॅगची पोलो विकणेच बंद केले. चार वर्षांनी, डिसेंबर २०१८ मध्ये, टाटांच्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले. म्हणजे आपल्या कारखान्यांना जमत नव्हते असे मुळीच नाही.

कायदाही हळूहळू जागा झाला. १ एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले, १ जुलै २०१९ पासून चालकासाठी एअरबॅग. शेजारच्या प्रवाशासाठी ती त्यानंतर आली. सहा एअरबॅगांचा मसुदा जानेवारी २०२२ मध्ये निघाला, मुदत ऑक्टोबर २०२२ ची होती, ती एक वर्षाने पुढे गेली, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्री नितीन गडकरी यांनी सक्ती करणार नसल्याचे सांगितले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरपासून 'भारत एनकॅप' सुरू झाले. पण गाडी तिथे न्यायची की नाही हे कंपनीच्या मर्जीवर आहे.

सक्तीविरुद्ध जे म्हणणे मांडले जाते ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. गाडी महाग झाली तर छोटा माणूस मोटारसायकलवरच राहील आणि ते अधिक धोक्याचे, असे ते म्हणणे. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, त्यांतली १५,२२४ एकट्या महाराष्ट्रात. आणि देशातल्या मृतांत चाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. तेव्हा मुद्दा खरा आहे. पण त्याचे उत्तर एबीएसच्याच अनुभवात आहे. २०१९ पूर्वी एबीएस हवे तर त्यासोबत चांगले टेप, चांगल्या गाद्या आणि चकचकीत रिमही घ्याव्या लागत. पाच हजारांच्या गोष्टीसाठी पन्नास हजारांचा जिना चढायचा. सक्ती झाली आणि ते जिन्यावरून उतरून उंबऱ्याशी आले. त्यासाठी कोणी गाड्या घ्यायचे थांबले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, गाड्या स्वस्त झाल्या. त्या वाचलेल्या पैशातला थोडा वाटा सर्व प्रकारांना सारखे ब्रेक देण्यात जावा, असे सांगायला याहून चांगली वेळ नव्हती. आजही अनेक गाड्यांत मागची डिस्क फक्त वरच्या प्रकारांतच मिळते.

१९५९ साली व्होल्वो कंपनीच्या निल्स बोलिन या अभियंत्याने आज आपण लावतो तो तीन टोकांचा पट्टा तयार केला आणि कंपनीने ते पेटंट सगळ्यांना खुले ठेवले. पट्ट्याचे वरचे मॉडेल आणि खालचे मॉडेल असे काही झाले नाही. धंदा त्या कंपनीनेही केलाच.

उतारावरून येणाऱ्या गाड्या

शहरी वाचक म्हणेल, आता नव्या गाड्यांना सगळे आले आहे, मग तक्रार कशाची? तक्रार ही की नव्या गाडीचा कायदा जतपर्यंत पोचायला पंधरा वर्षे लागतात. पुण्या-मुंबईला दहा वर्षे वापरून झालेली गाडी उतार शोधत तालुक्याला येते, आणि तिथे तिची दुसरी पंधरा वर्षे सुरू होतात. २०१९ पूर्वीची खालची मॉडेल्स आज अशाच गावांत आहेत. जत रोड नावाचे स्टेशन आहे खरे, पण ते जतपासून लांब. गावाला रेल्वे नाही. दवाखाना, कोर्ट, बाजार, सगळे रस्त्यावरच अवलंबून. अशा ठिकाणी गाडीत पाचाच्या जागी सात बसतात, आणि रस्ता मात्र नवा, रुंद, वेगाला चढवणारा झाला आहे. वेग ६० वरून ८० झाला की ब्रेकचे काम पावणेदोन पटीहून वाढते, हे त्या नव्या रस्त्यावर कुठेही लिहिलेले नाही.

जतच्या माणसाला या गोष्टीची सवय आहे. म्हैसाळ योजनेचे पाणी कृष्णेतून उचलले, पण शेवटच्या टोकाला येता येता पिढी गेली. पूर्व भागातल्या गावांनी २०१२ मध्ये कर्नाटकात जाण्याचे ठराव केले, आणि २०२२ मध्ये तिकडच्या मुख्यमंत्र्यांनी ते उकरून काढले तेव्हा कुठे मुंबईला जाग आली. टोकावरच्या माणसाला सगळे उशिरा आणि उरलेले मिळते. पाण्यात ते दिसते, ब्रेकमध्ये दिसत नाही, एवढाच फरक.

शिवाय तपासणी. खाजगी गाडीचा धूर ठराविक मुदतीने तपासावा लागतो. तिचे ब्रेक सरकार पहिल्यांदा बघते ते नोंदणीची पंधरा वर्षे संपल्यावर. दुसऱ्या हाती गाडी जाताना आर. सी. बदलते, विमा बदलतो; ब्रेक कोणी बघत नाही. मालक बदलताना ब्रेकची तपासणी सक्तीची केली, तर भाच्याच्या गाडीचे काळे ऑईल पुण्यातच सापडले असते.

आमच्या गाडीत नव्या साध्या डिस्क, कंपनीचे पॅड आणि नवे डॉट ४ ऑईल पडले. पंधरा हजारांच्या निम्म्याहून कमी खर्च आला. दर दोन वर्षांनी ऑईल बदलायचे, असे मेस्त्रीने डिकीच्या आतल्या बाजूला तारीख घालून लिहून दिले. घाट ज्या गिअरमध्ये चढावा त्याच गिअरमध्ये उतरावा, हे भाच्याने पाठ केले आहे.

तरीही हिशेब पुरा झालेला नाही. चूक भाच्याची होती, हे कबूल. पण तीच चूक वरच्या मॉडेलवाल्याने केली असती तर त्याची डिस्क थोडी कमी तापली असती, त्याला आणखी चार वळणे मिळाली असती. सुरक्षेत जास्तीचे जे काही असते ते चुकणाऱ्या माणसासाठीच असते. वरच्या मॉडेलमध्ये चुकीला जागा ठेवलेली असते. खालच्या मॉडेलमध्ये ती काढून किंमत कमी केलेली असते.

हे सगळे मी बहिणीला समजावून सांगत होतो. ती शेंगा फोडत ऐकत होती. म्हणाली, "म्हणजे चुकायला पण पैसे पडतात म्हण की." मग तिने विचारले, पुढच्या खेपेला घाटात गाडी कोण चालवणार. भाचा म्हणाला, मीच. ती म्हणाली, "मग जाऊया. पण त्या मोरीजवळ एकदा थांबव, चाकाला हात लावून बघ, आणि मगच पुढं चल."